चौकटीबाहेर राहिलेली सिमोन

१९८७ च्या पावसाळ्यात सांगलीतल्या आमच्या हौशी नाट्यमंडळाने एक फार्स बसवायला घेतला होता आणि महिनाभर तालमी होऊनही तो काही केल्या उभा राहत नव्हता. संवाद सगळ्यांचे पाठ होते, नट चांगले होते, पण जिथे हशा यायला हवा तिथे तालमीला येऊन बसलेली चार माणसे नुसती बघत राहायची. माझ्याकडे त्या नाटकात दारांचे काम होते. फार्सच्या नेपथ्यात तीन-चार दारे असतातच, आणि कापडाच्या फ्लॅटला बसवलेले दार जोरात लावले की सगळी भिंत हलते. म्हणून मागे एक माणूस चौकट धरून उभा असतो आणि ठरल्या शब्दावर कडी काढतो किंवा घालतो. विंगेत उभी राहून मला एवढे कळून चुकले होते की कडी अर्ध्या सेकंदाने उशिरा निघाली, तर वाक्य कितीही चांगले असले तरी ते वाया जाते.

आमच्या दिग्दर्शकांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. बबन प्रभू आणि आत्माराम भेंडे या जोडीचे प्रयोग त्यांनी ऐन तरुणपणी पाहिलेले होते आणि मराठी रंगभूमीवर फार्स कसा रुजला, हे ते आम्हांला तालमीनंतर चहा पिताना तासन्‌तास सांगत. त्यांचा आग्रह एकाच गोष्टीचा असे. फार्समधल्या पात्राला आपण फार्समध्ये आहोत याचा पत्ता लागता कामा नये. त्याच्यासाठी तो प्रसंग जिवावरचा असतो, आणि नटाच्या मनात जरा जरी ‘आता लोक हसतील’ असे आले, की सगळा डोलारा खाली येतो. आम्ही मान डोलवायचो आणि पुन्हा तसेच करायचो. शेवटी एका रविवारी अण्णांनी तालीम रद्द केली, भाड्याने व्हीसीआर आणला, मंडळातल्या एकाच्या घरी सतरंजी अंथरली आणि कुठून तरी मिळवलेली एक जुनाट कॅसेट लावली. तो ब्लेक एडवर्ड्‌स यांचा १९६३ सालचा ‘द पिंक पँथर’ होता.

त्यातले इंग्रजी आम्हांला निम्मेसुद्धा कळले नाही, पण त्यामुळे काहीही अडले नाही. पॅरिसच्या पोलीस कचेरीत इन्स्पेक्टर झाक क्लूझो उभा आहे. ‘फँटम’ नावाच्या जगप्रसिद्ध रत्नचोराला एक बाई मदत करते असा त्याला संशय आहे, आणि ती बाई आपण शोधून काढलीच पाहिजे असे तो अत्यंत गंभीर, भारदस्त आवाजात सांगतो. बोलता बोलता तो शेजारचा मोठा पृथ्वीगोल फिरवतो आणि त्याच फिरत्या गोलावर हात टेकून उभा राहायला जातो. पुढच्या क्षणी तो जमिनीवर असतो. उठतो, कोट सारखा करतो, आणि काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने तपासाचे बोलणे पुढे चालू करतो. सतरंजीवर बसलेले आम्ही बाराजण एकदम हसलो आणि अण्णांनी कॅसेट थांबवली. ‘तो पडला तेव्हा तुम्ही हसलात का?’ त्यांनी विचारले. आम्ही हो म्हणालो. ‘नाही,’ ते म्हणाले, ‘उठला तेव्हा हसलात,’ आणि त्यांनी तो प्रसंग मागे घेऊन पुन्हा दाखवला. ते खरे होते.

क्लूझो झालेल्या पीटर सेलर्स यांनी या भूमिकेविषयी नंतर जे सांगितले ते मी पुष्कळ वर्षांनी वाचले, आणि त्यात अण्णांचेच म्हणणे सापडले. क्लूझो स्वतःला जगातल्या उत्तम गुप्तहेरांपैकी एक समजतो, म्हणून त्याची भूमिका पूर्ण प्रतिष्ठेने करायची. तो कितीही वेळा आपटला तरी स्वतःबद्दलची ही समजूत शाबूत ठेवूनच त्याने उठले पाहिजे, असे त्यांनी ठरवले होते. मिशीची कल्पना त्यांना एका काडेपेटीवरच्या चित्रावरून सुचली, असेही ते सांगत. इंग्लिश खाडी पोहून जाणारे कॅप्टन वेब यांचे ते चित्र, भरदार मिशांचे आणि स्वाभिमानी बांध्याचे. विदूषकाचा चेहरा शोधताना एका शूर माणसाकडे पाहावेसे वाटले, यातच त्या भूमिकेची अर्धी जात ठरून गेली आहे.

मुळात ही भूमिका सेलर्स यांची नव्हतीच. क्लूझोसाठी पीटर उस्तिनोव्ह ठरले होते. त्यांनी चित्रीकरणाच्या अगदी तोंडावर अंग काढून घेतले आणि सेलर्स यांना घाईघाईने रोमला बोलावण्यात आले. आणखी महत्त्वाचे म्हणजे, हा चित्रपट क्लूझोचा असणार अशीही कोणाची कल्पना नव्हती. एडवर्ड्‌स आणि मॉरिस रिचलिन यांनी लिहिलेल्या कथेचा नायक चोर होता. डेव्हिड निव्हन यांनी केलेला सर चार्ल्स लिटन हा रुबाबदार, मध्यमवयीन, बायकांना आवडणारा इंग्रज सरदार, जो रात्री फँटम होतो आणि चोरीच्या जागी ‘पी’ अक्षराचा पांढरा हातमोजा सोडून जातो, त्याच्याभोवती सगळी गुंफण आहे. श्रेयनामावलीत पहिले नाव निव्हन यांचे आहे. हेन्री मॅन्सिनी यांनी आज जगाला तोंडपाठ असलेली ती मांजरपावलांची धूनही त्या चोरासाठीच, निव्हन यांची चाल डोळ्यांपुढे ठेवून रचली होती.

आणि मग एकेक करून सगळे त्या चोराच्या हातून गेले. श्रेयनामावलीसाठी फ्रिझ फ्रेलंग आणि डेव्हिड डीपॅटी यांच्या स्टुडिओने एक गुलाबी बिबट्या काढला. तो अक्षरांशी खेळतो, नावे विस्कटतो, आणि मॅन्सिनी यांची धून वाजू लागते ती त्याच्या पावलांवर. प्लास जॉन्सन यांच्या टेनर सॅक्सोफोनचा तो जाड, किंचित खरखरीत, घसरत जाणारा सूर ऐकला की आज कोणालाही निव्हन आठवत नाहीत, बिबट्याच आठवतो. वास्तविक चित्रपटात ‘पिंक पँथर’ हे एका हिऱ्याचे नाव आहे. लुगाश नावाच्या काल्पनिक देशाच्या राजाने आपल्या लहान मुलीला दिलेल्या जगातल्या सर्वांत मोठ्या हिऱ्यात एक बारीक दोष आहे आणि नीट निरखून पाहिले तर तो झेप घेणाऱ्या गुलाबी बिबट्यासारखा दिसतो, म्हणून ते नाव. दोषाचे चित्र झाले, चित्राचा जीव झाला, आणि त्या जीवाला पुढच्याच वर्षी स्वतःचा लघुचित्रपट मिळून त्याला ऑस्करसुद्धा मिळाले. चोराची धून बिबट्याने नेली आणि चोराचा चित्रपट पोलिसाने नेला. १९६४ मध्येच आलेल्या दुसऱ्या भागात तर हिराही नाही, चोरही नाही आणि बिबट्याही नाही; आहे तो फक्त क्लूझो.

त्या रविवारी आम्ही अर्थातच क्लूझोवर फिदा झालो. पण ज्यासाठी अण्णांनी कॅसेट आणली होती तो प्रसंग मध्यावर येतो. इटलीतल्या कोर्तिना द’आम्पेत्सो या बर्फाळ गावातले हॉटेल आहे. हिऱ्याची मालकीण राजकुमारी डाला तिथे सुट्टीवर आली आहे, तिच्या मागावर सर चार्ल्स आला आहे, आणि चोराच्या मागावर क्लूझो आपली पत्नी सिमोन हिच्यासह आला आहे. त्याला जी बाई शोधायची आहे ती हीच. सिमोन फँटमची साथीदारही आहे आणि प्रेयसीही. त्यात सर चार्ल्सचा पुतण्या जॉर्ज अमेरिकेहून अचानक उगवतो आणि तोही तिच्या मागे लागतो. एका रात्री अशी वेळ येते की सिमोनच्या खोलीत पलंगाखाली सर चार्ल्स आहे, न्हाणीघरातल्या फेसाने भरलेल्या टबात जॉर्ज आहे, आणि दिवसभराच्या कामाने दमलेला, बायकोच्या सहवासासाठी आतुर झालेला क्लूझो रात्रीचे कपडे घालून अंथरुणात शिरतो आहे.

हा प्रसंग ज्यांनी फार्स केला आहे त्यांनी एकदा तरी कागद-पेन्सिल घेऊन पाहावा. दोन दारे, एक पलंग, एक न्हाणीघर, चार माणसे. प्रत्येक हालचालीचा दुसरीला धक्का लागतो. तो उठला की ह्याला लपायला हवे, हा सरकला की तिला खोकायला हवे, दिवा गेला की एकाने बाहेर पडायला हवे आणि दिवा आला की दुसऱ्याने आत असायला हवे. अंथरुणात दडवलेली शॅम्पेनची बाटलीसुद्धा तिथे स्वतःच्या वेळेला फुटते. आम्ही तो भाग त्या दुपारी चार-पाच वेळा पाहिला, अण्णांनी सगळ्यांच्या एंट्र्या मोजून दाखवल्या, आणि त्या दिवसापासून आमचा फार्स सुधारला असे म्हणायला मला काहीच हरकत वाटत नाही. मी स्वतः त्यातून कडी काढायचा क्षण शिकले. तोवर मी संवादाचा शेवटचा शब्द ऐकून कडी काढत असे. त्यानंतर मी नटाचा श्वास ऐकायला लागले.

शेवट मात्र त्या दिवशी पाहायला मिळाला नाही. अखेरची काही मिनिटे राहिली असताना वीज गेली आणि संध्याकाळपर्यंत आली नाही, व्हीसीआर तर परत करायचा होता. अण्णांनी मेणबत्तीच्या उजेडात उभे राहून तो शेवट आम्हांला करून दाखवला. त्यांनी पूर्वी हा चित्रपट चित्रपटगृहात पाहिलेला होता. पोलिसांच्या गाडीतला, हातचे सगळे गेलेला क्लूझो त्यांनी इतका हुबेहूब उभा केला की पुढे कित्येक वर्षे माझ्या आठवणीत तो शेवट अण्णांच्याच चेहऱ्याने येत असे.

गेल्या हिवाळ्यात मुलीकडे पुण्याला गेले असताना तिने हा चित्रपट तिच्या मोठ्या टीव्हीवर लावून दिला. सुरुवातीची धून वाजली, मी सरसावून बसले, आणि पंधरा-वीस मिनिटांतच माझ्या ध्यानात आले की हा चित्रपट मी कधी पाहिलेलाच नव्हता. ‘द पिंक पँथर’ हा टेक्निरामा पद्धतीने, म्हणजे उंचीच्या दुपटीहून अधिक रुंद चौकटीत चित्रित केलेला आहे. त्या काळच्या व्हिडिओ कॅसेटवर टीव्हीच्या जवळजवळ चौकोनी पडद्यात मावावे म्हणून असे रुंद चित्रपट दोन्ही बाजूंनी कापले जात. कोणी तरी माणूस बसून ठरवत असे की या क्षणी प्रेक्षकाने डावीकडे पाहायचे की उजवीकडे, आणि उरलेला भाग बाहेर टाकला जात असे. म्हणजे आम्ही सतरंजीवर बसून ज्याच्या एंट्र्या मोजत होतो तो रंगमंच मुळात सबंध नव्हताच. आणि त्या कापणाऱ्या माणसानेही, जगाने केले तेच केले होते. त्याने सेलर्स यांच्यामागे चौकट धावती ठेवली होती.

बाहेर राहिली होती ती सिमोन.

ही भूमिका कॅप्युसीन यांनी केली आहे. त्या फ्रेंच होत्या, आधी पॅरिसमध्ये मॉडेल होत्या, उंच, रेखीव, काहीशा थंड सौंदर्याच्या. चित्रपटात त्यांचे कपडे ईव्ह सॅं लोराँ यांचे आहेत आणि ते त्यांच्या अंगावर असे बसतात की अशा बाईने विनोदी प्रसंगात हातपाय झाडावेत ही कल्पनाही कोणाला सुचू नये. त्यांच्याविषयी जे थोडेफार लिहिलेले माझ्या वाचनात आले त्यात त्यांच्या दिसण्याचेच कौतुक अधिक होते. पण तो शयनगृहातला प्रसंग सबंध चौकटीत पाहिला की दिसते, की त्या प्रसंगाचे घड्याळ त्यांच्या हातात आहे. क्लूझोला काहीच ठाऊक नाही, त्यामुळे त्याला वेळ सांभाळायची नाही. पलंगाखालच्याला आणि टबातल्याला फक्त लपायचे आहे. एकटी सिमोन अशी आहे जिला खोलीतल्या चौघांचेही ठिकाण प्रत्येक क्षणी माहीत असावे लागते. नवऱ्याला या कुशीवर वळवायचे, दिवा मालवायचा, झोपेची गोळी आणायला उठवायचे, पुन्हा जवळ घ्यायचे, पुन्हा दूर करायचे, आणि हे सगळे करताना आवाजात लाडिकपणा राहील एवढी काळजी घ्यायची.

एक छोटी जागा सांगते. क्लूझो गोळी आणायला अंधाऱ्या न्हाणीघरात जातो, आतून बाटली पडल्याचा, गोळ्या विखुरल्याचा आणि त्या पायाखाली चिरडल्याचा आवाज येतो. सेलर्स दिसतसुद्धा नाहीत. आपण हसतो ते सेलर्स यांच्या नावावर जमा होते, परंतु त्या क्षणी पडद्यावर चेहरा आहे तो कॅप्युसीन यांचा. त्या चेहऱ्यावर काय आहे ते मी पुन्हा पुन्हा थांबवून पाहिले. चीड आहे, धास्ती आहे, आणि त्याखाली एक अशी जुनी ओळख आहे जी फक्त संसाराने येते; नवरा आत गेला की काही तरी फुटणार, हे तिने कित्येक वर्षे ऐकलेले आहे. दुसऱ्या एका प्रसंगात तो तिला व्हायोलिन वाजवून रिझवायचा प्रयत्न करतो आणि नंतर आपल्याच व्हायोलिनवर पाय देतो. ते स्ट्रॅडिव्हेरियस असते. तिचा जीव हळहळतो. तो मात्र शांतपणे म्हणतो की एक स्ट्रॅडिव्हेरियस पाहिले की सगळी पाहिल्यासारखीच. माझी खात्री आहे की हे वाक्य तिच्या हळहळीवाचून पडून गेले असते.

मी दारामागे उभी राहिलेली बाई आहे, म्हणून कदाचित मला हे अधिक जाणवत असेल. पडणाऱ्याला टाळी मिळते, आणि ज्याने वेळेवर कडी काढली त्याचा हात कोणाला दिसत नाही. तरी कॅप्युसीन यांचे काम माझ्यापेक्षा कैक पटींनी अवघड होते, कारण त्या दाराच्या पुढे होत्या. प्रेक्षकाला दिसत असताना त्यांनी ती कडी काढलेली दिसू दिली नाही.

या चित्रपटात मला न आवडलेले काही आहे तेही सांगायला हवे. बर्फावरचे प्रसंग लांबलेले आहेत. शेकोटीभोवती फ्रॅन जेफ्रीस एक सुंदर गाणे म्हणतात, सगळे पाहुणे ताल धरतात, आणि तेवढा वेळ कथा शांतपणे झोपी जाते. राजकुमारीला शॅम्पेन पाजण्याचा भाग क्लॉडिया कार्डिनाले यांच्या डोळ्यांसाठी पाहावा, बाकी तो निव्हन यांच्या जुन्या पठडीतल्या चित्रपटांतून उचलून आणल्यासारखा वाटतो. एडवर्ड्‌स यांना दोन चित्रपट करायचे होते, एक मंद, उंची दारूसारखा, आणि दुसरा मूकपटांच्या वळणाचा आदळआपटीचा. ते दोन्ही इथे शेजारी शेजारी नांदतात आणि पूर्ण एकजीव होत नाहीत. पण त्यांचे मन कशात होते ते लपत नाही. दोनच वर्षांनी त्यांनी आपला पुढचा एक चित्रपट लॉरेल आणि हार्डी यांना अर्पण केला. रोममधल्या वेशभूषा-समारंभानंतरचा रात्रीचा मोटारींचा पाठलाग त्या प्रेमातून आला आहे. गोरिलाच्या वेषातले दोन चोर वेगवेगळ्या गाड्यांतून पळत आहेत, चिलखत घातलेला क्लूझो आणि झेब्र्याच्या कातड्यातले पोलीस त्यांच्या मागे आहेत, आणि गावातल्या एका शांत चौकात एक म्हातारा रस्ता ओलांडू पाहतो आहे. एक गाडी जाते, दुसरी जाते, पहिली उलट दिशेने परत येते. कॅमेरा जागचा हलत नाही. अखेर म्हातारा रस्ता ओलांडण्याचा नाद सोडतो, खुर्ची आणतो आणि बसून पाहू लागतो. कापलेल्या कॅसेटवर या चौकाचे काय झाले होते मला आठवत नाही, पण सबंध चौकटीत तो पाहताना मी त्या म्हाताऱ्याच्या शेजारी बसले होते.

सेलर्स यांच्यासारखा नट कुठून तयार झाला याचा एक धागा आपल्याकडे येतो, म्हणून एवढे नोंदवते. १९५१ पासून बीबीसी रेडिओवर गाजलेल्या ‘द गून शो’मध्ये ते नुसत्या आवाजावर डझनभर माणसे उभी करत, आणि त्या कार्यक्रमाचे मुख्य लेखक स्पाइक मिलिगन यांचा जन्म १९१८ साली अहमदनगरचा, त्यांच्या बालपणाची काही वर्षे पुण्यात गेली. शब्द मोडून, वाकवून, चेहरा गंभीर ठेवून बोलण्याची ती शाळा होती. क्लूझोचे ते प्रसिद्ध वाकडेतिकडे उच्चार मात्र दुसऱ्या चित्रपटापासून भरात आले. या पहिल्या चित्रपटात तो बराचसा सरळ बोलतो, आणि मला तो सरळ बोलणारा क्लूझो अधिक जवळचा वाटतो. पुढे तो अधिकाधिक अवलिया होत गेला. इथे तो अजून एक नवरा आहे आणि एक सरकारी नोकर आहे.

हे नवरेपण खटल्याच्या प्रसंगात असे काही वापरले आहे की मी हसता हसता थांबले. हिरा चोरीला गेला आहे. खरे तर तो स्वतः राजकुमारीनेच लपवला आहे, कारण लुगाशमध्ये सत्तांतर झाले आहे आणि नवे सरकार तो जनतेची मालमत्ता म्हणून मागते आहे. पिंजऱ्यात सर चार्ल्स आणि जॉर्ज आहेत. त्यांना वाचवण्यासाठी सिमोन आणि राजकुमारी या दोघींनी मिळून एक डाव रचला आहे. बचावाचे वकील एकच साक्षीदार बोलावतात, आणि तो साक्षीदार म्हणजे क्लूझो. प्रत्येक चोरीच्या वेळी तुम्ही त्या गावात होता का? होतो. तुमच्या पत्नीच्या अंगावर एवढे उंची कपडे आणि फरचे कोट कसे? इन्स्पेक्टरचा पगार किती? आणि तो उत्तर देतो, की माझी बायको फार काटकसरी आहे, घरखर्चातून शिल्लक टाकते.

न्यायालय हसते, आपण हसतो. पण तो मनापासून बोलतो आहे. इतकी वर्षे त्याने असेच मानले, की घरात जे चांगले येते ते हिच्या नेटकेपणामुळे येते. पुरावा त्याच्या डोळ्यांपुढे रोज खुंटीला टांगलेला होता आणि त्याने त्यात बायकोचा गुण पाहिला. मग घाम पुसायला तो खिशातून रुमाल काढतो आणि रुमालाबरोबर हिरा बाहेर येतो. ज्या चोराला शोधण्यात त्याचे आयुष्य गेले, तो चोर म्हणून त्यालाच शिक्षा होते. सर चार्ल्सचे काहीही बिघडत नाही. १९६३ साली एवढ्या निर्धास्तपणे चोराला सोडून देणारा आणि प्रामाणिक पोलिसाला तुरुंगात धाडणारा विनोदी चित्रपट एका मोठ्या कंपनीने काढला आणि प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला, याचे मला आजही नवल वाटते. त्यामागे सेलर्स यांचा वाटा किती आहे हे सांगायला नको. अन्याय झालेला माणूस त्यांनी दुःखी केला असता तर तो शेवट आपल्याला सहन झाला नसता.

आता तो शेवट, जो मी सांगलीला मेणबत्तीच्या उजेडात पाहिला होता. न्यायालयाबाहेर बायकांची झुंबड उडाली आहे. फँटम म्हणून गाजलेल्या माणसाला हात लावण्यासाठी त्या धडपडत आहेत. दूर उभी राहून सिमोन हे पाहते आहे आणि तिला वाईट वाटते आहे. फँटम पुन्हा चोरी करील तेव्हा क्लूझो सुटेलच, असे सांगून सर चार्ल्स तिची समजूत घालतो. गाडी सुटते. शेजारचे पोलीस क्लूझोकडे असूयेने पाहतात, आणि एकजण विचारतो, एवढ्या चोऱ्या तुम्ही केल्या तरी कशा?

अण्णांनी इथे मान खाली घातली होती आणि खचलेल्या आवाजात उत्तर दिले होते. सेलर्स मान खाली घालत नाहीत. ते थांबतात. त्या थांबण्यात आधी नुसता गोंधळ आहे, मग बाहेरच्या त्या बायका डोक्यात येतात, मग पोलिसांच्या डोळ्यांतला आदर, जो त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळतो आहे, आणि मग हळूहळू पाठ ताठ होते. तुम्हांला कल्पना आहे, तो म्हणतो, ते काही सोपे नव्हते. सगळ्या चित्रपटात जो माणूस एकदाही खोटे बोलला नव्हता तो पहिल्यांदा खोटे बोलतो, आणि फिरत्या पृथ्वीगोलावरून उठताना जसा उठला होता तसाच उठतो.

मी पुण्याहूनच अण्णांना फोन केला. त्यांना आता ऐकायला कमी येते, दोनदा सांगावे लागले. तुमचा शेवट निराळा होता, मी म्हणाले, तो खचत नाही. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘तेव्हा माझ्या लक्षात तसाच राहिला होता.’ आणि थोड्या वेळाने विचारले, ‘ती दिसते का गं त्या वेळी? त्याची बायको?’

दिसते, मी सांगितले. गर्दीपासून लांब उभी आहे, आणि गाडी जाताना बघते आहे.